वर नुसतं आभाळ

कळंबोलीला लोखंड बाजाराकडे वळायच्या चौकात पुढचा ट्रेलर कचकन थांबला. धनेशनेही ब्रेक दाबला, गाडी थांबली आणि काहीच झालं नाही. कुठे धक्का नाही, काच फुटली नाही, मागून कोणी येऊन आदळलं नाही. समोर बघता बघता जरा उशिराच त्याच्या ध्यानात आलं, की ट्रेलरच्या मागे लोंबणाऱ्या सळ्या त्याच्या बॉनेटवरून, काचेच्या वरच्या कडेवरून थेट आत आल्या आहेत. गाडीचं छप्पर त्याने मागे पाडून ठेवलं होतं. थंडीचे दिवस, कोवळं ऊन, म्हणून मुद्दाम. सळ्यांची टोकं त्याच्या कपाळापासून वीतभरावर हलकेच वरखाली होत होती, जशी फांदी पक्षी उडाल्यावर होते. एका सळीला लाल फडकं बांधलं होतं. वारा आला आणि त्या फडक्याचं टोक त्याच्या कपाळाला लागलं. मऊ होतं, तेलकट होतं, आणि त्याला ग्रीसचा वास होता. त्याला मागे सरायचं होतं, पण मान हलेना. मग सिग्नल सुटला, ट्रेलर हलला आणि सळ्या जशा आल्या तशा सावकाश त्याच्या डोक्यासमोरून निघून गेल्या. मागचे हॉर्न वाजवायला लागले. कोणीतरी बाजूने जाताना ओरडलं, "ओ शेठ, झोपला काय?" धनेशने गिअर टाकला. काम होतं ते त्याने केलं, बर्फाच्या डब्यांसाठी पत्रा बघितला, भाव विचारला, चहा प्यायला. परत निघताना मात्र त्याने गाडीत बसून आधी बटण दाबलं आणि कापडी छप्पर डोक्यावर ओढून घेतलं. ते वर येताना कुरकुरलं. त्या आवाजाने त्याला इतकं बरं वाटलं, की त्या बरं वाटण्याचीच त्याला भीती वाटली.

कारण तीन आठवड्यांनी त्याला हीच गाडी रेसच्या ट्रॅकवर न्यायची होती, आणि छप्पर पाडूनच. धनेश बेलापूरजवळच्या दिवाळे गावचा कोळी. वडील धर्मा खाडीत होडी घालायचे, आई जमुना बेलापूरच्या बाजारात मासळी विकायची. त्याने स्वतः तुर्भ्याला बर्फाचा कारखाना काढला, तो चालला. मग बेलापूरला टॉवरमध्ये फ्लॅट झाला, आणि पंचेचाळिशी ओलांडल्यावर वाशीच्या एका दातांच्या डॉक्टरने विकायला काढलेली ही दोन माणसांची, उघड्या छपराची, निळी गाडी त्याने घेतली. का घेतली, हे त्याला कोणी विचारलं तर तो हसायचा. पाम बीच रोडला सकाळी ती पळवताना खाडीवरून येणारा खारा वारा तोंडावर बसायचा आणि त्याला लहानपणी वडिलांच्या होडीत पुढे बसल्यासारखं वाटायचं, हे काही लोकांना सांगण्यासारखं नव्हतं. ट्रॅकचं खूळ मात्र जाईचं. जाई त्याची एकुलती एक, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. त्यांच्या कॉलेजातली पोरं मिळून दरवर्षी एक छोटी रेसिंगची गाडी बनवायची आणि ती चालवायला जी दोघं निवडली जायची, त्यात जाई होती. घाटापलीकडे एका क्लबचा ट्रॅक होता. वर्षातून दोनदा तिथे हौशी लोकांना आपापल्या गाड्या चालवू देत. "पप्पा, रस्त्यावर तू शंभराच्या वर नेतोस ते डेंजर आहे. तिथे जाऊ. तिथे निदान समोरून कोणी येत नाही," जाई म्हणाली होती. त्याने लगेच हो म्हटलं होतं. एका गाडीला दोन ड्रायव्हर चालतात, म्हणून दोघांची नावं दिली होती. हे सगळं सळ्यांच्या आधी.

सळ्यांनंतर त्याचं डोकं त्याला जाणवायला लागलं. आधी डोकं म्हणजे आपण, ते असतंच. आता ते त्याच्यापासून वेगळं, सगळ्यात उंच, सगळ्यात पुढे काढून ठेवलेल्या भांड्यासारखं वाटायला लागलं. केसांच्या मुळाशी, जिथे टक्कल पडायला सुरुवात झाली होती तिथली कातडी सारखी जागी असायची. सोसायटीच्या पार्किंगमध्ये छताखालून गेलेल्या पाइपांकडे तो बघायचा. कारखान्यात बर्फाचे डबे उचलून नेणारी क्रेन वरून जायची, लोखंडी डबे एकमेकांवर खणखणायचे, खारं पाणी ठिबकायचं. इतकी वर्षं तो तिच्याखालून बोलत बोलत गेला होता. आता तो थांबायचा. क्रेन गेल्यावर निघायचा. एक दिवस त्याने सगळ्यांना हेल्मेट घालायचा हुकूम काढला, आणि नंदकुमार म्हणून त्याचा जुना फोरमन होता तो म्हणाला, "साहेब, काय झालं? कोनी तक्रार केली काय?" धनेश म्हणाला, "नाही, नियम आहे." नियम होताच, इतकी वर्षं होता. भिंतीवर लावलेल्या पाटीकडे बोट दाखवताना त्याला स्वतःचा आवाज दुसऱ्याच कुणाचा वाटला, एखाद्या भित्र्या मास्तरचा. घरी जेवताना जाई ट्रॅकचे नियम मोबाइलवर वाचून दाखवायची आणि तो भात कालवत बसायचा. कापडी छप्पर म्हणजे छत्री, गाडी उलटली तर त्याचा काही उपयोग नाही. म्हणून सीटच्या मागे पोलादी कमान पाहिजे, आणि ती नुसती दिसायला नको, खालच्या सांगाड्याला बोल्टने आवळलेली पाहिजे. दातांच्या डॉक्टरने लावलेल्या कमानी नुसत्या शोभेच्या होत्या. जाईने पुण्याला एका रेसिंगच्या वर्कशॉपमधून खरी कमान बसवून आणली, सीट बदलली, खांद्यांवरून येणारे रुंद पट्टे लावले. "गाडी उलटली तर तिचं वजन दोन गोष्टींवर येणार," ती चमच्याने ताटात रेष ओढत म्हणाली, "मागे कमान आणि पुढे काचेची चौकट. या रेषेच्या खाली डोकं पाहिजे. तू बसून बघितलंस ना नव्या सीटवर?" "बघितलं," धनेश म्हणाला. बघितलं नव्हतं. कमान बसल्यापासून तो त्या गाडीत छप्पर पाडून बसलाच नव्हता. "मग बसतं ना?" "बसतं गं." त्याच्या बायकोने, भावनाने, दोघांकडे पाहिलं आणि म्हणाली, "जेवताना उलटायच्या गोष्टी कशाला करताय? आमटी घ्या." जाई हसली आणि पुढचा नियम वाचला. उघड्या गाडीत हातांना पट्टे बांधतात, मनगटाच्या वर, म्हणजे हात स्टिअरिंगपर्यंत पोचतो पण गाडीच्या बाहेर जात नाही. "कारण माणूस उलटताना हात वर करतो, पप्पा. सावरायला. ठरवून नाही, आपोआप जातो."

भाताचा घास त्याच्या हातात तसाच राहिला. आपोआप जातो हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. तो नऊ वर्षांचा असेल, हितेश त्याचा थोरला भाऊ, बाराचा. दिवाळ्याच्या धक्क्याला होडी लावताना मागून गाळ काढणारी मोठी लाँच गेली आणि तिच्या लाटेने होडी एका अंगाला कलली. फार नाही, पडण्याइतकी पण नाही. वडील ओरडले, "हात आत घे." ते ओरडायच्या आधीच हितेशचा हात काठाबाहेर गेला होता, धक्क्याच्या दगडाला धरायला. होडी परत आपटली. आवाज काही मोठा झाला नाही. ओल्या फळीवर ओला गोणपाट टाकावा तसा. हितेश रडला नाही, तो नुसता दगडाकडे बघत राहिला, आणि धनेशही दगडाकडेच बघत राहिला. कितीतरी वर्षं त्याला रक्त आठवायचं नाही, फक्त दगडावरच्या कालवांची पांढरी कवचं आठवायची. हितेशची दोन बोटं गेली. आता तो धक्क्यावर मासळीचा लिलाव सांभाळतो, तीन बोटांनी नोटा इतक्या झपाट्याने फिरवतो की बघणारा बघत राहतो. त्याला त्याचं काही वाटत नाही, किंवा वाटत असेल तर तो बोलत नाही. या घरात कोणी बोलायचंच नाही. वडील वादळातून परत आले की जाळं वाळत घालायचे, आई भाकरी थापायची. एकदाच, वडील खूप उशिरा आले त्या दिवशी, आई त्यांना पाणी देताना तांब्या धरून थरथरत होती, आणि वडील तिला म्हणाले होते, "थंडी वाजते काय?" ती म्हणाली, "हां, थंडी." मे महिना होता.

ट्रॅकला जायच्या आदल्या रविवारी तो दिवाळ्याला आईकडे गेला. जमुना अंगणात सुकट निवडत बसली होती. तिने गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी असलेली पाहिली, छप्पर लावलेली. "झाकलीस का रं?" तिने विचारलं. "ऊन लागतं," तो म्हणाला. ती हसली. "होरीवाल्याच्या पोराला ऊन लागतं." मग थोड्या वेळाने, हातातली सुकट न सोडता, "जाई सांगत व्हती, तिकरं शर्यत हाय. पोरीला नेतस?" "शर्यत नाही आई. नुसतं चालवायचं." "वेगान?" "हां, वेगाने." "वर कय नाय नं? नुसतं आभाल?" त्याने कमान आहे म्हणून सांगितलं, पट्टे आहेत, हेल्मेट आहे, डॉक्टर असतो, अँब्युलन्स असते. सांगता सांगता त्याच्या लक्षात आलं, की एकेक गोष्ट सांगितली की तिच्यामागून ती गोष्ट ज्यासाठी असते ती उभी राहते आहे. कमान म्हटलं की उलटलेली गाडी. पट्टे म्हटलं की हात. अँब्युलन्स म्हटल्यावर तो गप्प झाला. जमुना म्हणाली, "जा. पन तू चालव. तिला नको देवस." तो म्हणाला, "मीच चालवणार आहे." हे त्याने मनाशी ठरवलंच होतं. सगळा वेळ आपण संपवायचा, शेवटी एखादी सावकाश फेरी जाईला द्यायची, ऊन झालं म्हणायचं, इंजिन तापलं म्हणायचं. आणि तरी आत कुठेतरी, या ठरावाच्याही तळाशी, दुसरं काहीतरी हलत होतं: काहीतरी व्हावं आणि जायलाच नको. टायर फुटावा. ताप यावा. बाकी कुणाचं काही बिघडू नये, एवढ्या बेताने काहीतरी व्हावं.

काही झालं नाही. ते सकाळी निघाले, एक्स्प्रेस-वेला लागले. छप्पर लावून, काचा वर करून. जाई बाजूला बसून गाणी लावत होती. घाट चढताना बोगद्यात शिरलं की धनेशची मान आपोआप खाली जायची. जाईने दोनदा त्याच्याकडे पाहिलं आणि गाणं बदललं. ट्रॅक म्हणजे काहीतरी भव्य असेल, अशी त्याने कल्पना केली होती. प्रत्यक्षात ते माळरानावर काढलेलं काळं वळणावळणाचं डांबर होतं, कडेला लाल-पांढरे पट्टे, टायरांचे ढीग, पत्र्याची शेड, वडापाव आणि चहाचं टेबल. पलीकडे एक टेकाड होतं, रस्ता त्याच्यामागे जाऊन दिसेनासा व्हायचा आणि पुन्हा उजवीकडून बाहेर यायचा. पहिल्या गाड्या सुटल्या होत्या. टेकाडामागे गेलेल्या गाडीचा आवाज थोडा वेळ दबून जायचा, आणि तेवढा वेळ धनेश श्वास घ्यायचा विसरायचा. मग गाडी उजवीकडून यायची. प्रत्येक गाडी यायची. त्याला ते पटायचं नाही.

तपासणीला गीतांजली नावाच्या बाई होत्या. पन्नाशीच्या, केस बारीक कापलेले, स्वतः कधीकाळी शर्यतींत उतरलेल्या. त्यांनी गाडीचं बॉनेट उघडून बघितलं, चाकांचे नट पान्याने आवळून पाहिले, ब्रेकचं तेल नवं घातलंय का विचारलं. पायाखालचे मॅट काढायला लावले, पाण्याची बाटली, गणपतीची छोटी मूर्ती, चिल्लर, सगळं एका डब्यात काढायला लावलं. "गाडी फिरली की यातली प्रत्येक वस्तू तुमच्या तोंडावर येते. बाप्पालाही बाहेर ठेवा, तो तिथून बघेल." कमानीला त्यांनी दोन्ही हातांनी धरून हिसका दिला. "ही चांगली आहे. कुणी बसवली?" जाईने वर्कशॉपचं नाव सांगितलं, बाई नुसत्या मान डोलावून म्हणाल्या, "छप्पर पाडा. बसा. हेल्मेट घाला." धनेश बसला. हेल्मेटच्या आत त्याला स्वतःचा श्वास मोठ्याने ऐकू यायला लागला, आणि कपाळावर, बरोब्बर त्या जागी, आतलं कापड मऊ लागलं. बाईंनी एक लांब सरळ काठी आणली, साधी झाडूचा दांडा असावा तशी. तिचं एक टोक मागच्या कमानीवर ठेवलं, दुसरं पुढच्या काचेच्या चौकटीवर. काठी त्याच्या डोक्यावरून गेली. "तुमचं हेल्मेट या काठीच्या खाली दोन बोटं तरी पाहिजे. नेहमी बसता तसे बसा. पट्टा आवळा. सैल नको." त्याने पट्टा आवळला. काठी त्याला दिसत नव्हती, पण वर कुठे आहे ते डोक्याच्या कातडीला अचूक कळत होतं. आणि मग, त्याने ठरवलं असं म्हणता येणार नाही, पण त्याच्या पाठीचा कणा लांब झाला. खांदे खाली गेले, मान वर गेली, हनुवटी आत गेली; शाळेत उंची मोजताना पोरं करतात तसं. टक, असा अगदी बारीक आवाज हेल्मेटच्या आत झाला. काठीला लागलं. "लागतंय," बाई म्हणाल्या. "सीट अजून खाली होते का?" "नाही मॅडम, हीच शेवटची," जाई म्हणाली. "मग तुम्हाला नाही सोडता येणार, सर. सॉरी. कमान उंच करून घ्या, पुढच्या वेळी या." धनेशने हेल्मेट काढलं. वारा घामेजल्या केसांना लागला. इतकं हलकं त्याला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. चेहरा पडल्यासारखा करावा म्हणून त्याने खाली बघितलं, पट्ट्याचं बक्कल उघडायला लागला, आणि तेव्हा गीतांजलीबाई म्हणाल्या, "दुसरं नाव कोणाचं आहे? तुझं? बस बघू तू."

जाई त्याच्याहून अख्ख्या डोक्याएवढी बुटकी होती. काठी तिच्या हेल्मेटच्या वरून मोकळी गेली, मधून हात फिरेल इतकी. धनेश बघत उभा राहिला. त्याला बोलायचं होतं. ऊन झालंय, इंजिन तापलंय, आईने सांगितलंय, यातलं एक काहीतरी. पण बाई आता जाईशी बोलत होत्या, तिने आधी काय चालवलंय ते विचारत होत्या, ती भराभर उत्तरं देत होती, आणि तिच्या आवाजात एक तयार माणूस होता जो धनेशने घरी कधी ऐकला नव्हता. मग बाईंनी सांगितलं, पहिल्या दोन फेऱ्या सावकाश, कुणाच्या पुढे गाडी काढायची नाही. पिवळा झेंडा दिसला की हळू, लाल दिसला की सगळ्यांनी आत यायचं. रस्त्याबाहेर गेलीस तर ब्रेक दाबून ठेव, इंजिन बंद कर, पण आग नसेल तर गाडीतून उतरू नको, पट्टे सोडू नको, झेंडे घेऊन उभे असलेले मार्शल येईपर्यंत बसून राहा. "हातांचे पट्टे?" "आहेत," जाई म्हणाली, आणि मनगटाच्या वर स्वतः बांधायला लागली. उजवा बांधला. डावा एका हाताने बांधता येईना. "पप्पा, हा आवळ ना." त्याने तो आवळला. तिचं मनगट गरम होतं. ती भिंतीजवळच्या मार्शलला हात दाखवायला गेली, तर हात छातीपर्यंत येऊन अडकला. ती हेल्मेटच्या आत हसली. मग गाडी गेली.

पहिली फेरी. निळी गाडी सावकाश गेली, टेकाडामागे गेली, आली. दुसरी. तिसऱ्या फेरीला आवाज बदलला. धनेश बुटक्या सिमेंटच्या भिंतीशी उभा होता, हात भिंतीवर. भिंत तापली होती. त्याच्या मनात एकच वाक्य फिरत होतं, आणि ते त्याचं नव्हतं, कुणीतरी आत बसून सपाट आवाजात म्हणत होतं: मान ताणली नसतीस तर तिथे तू असतास. कदाचित ताणली नसती तरीही लागलं असतं. कदाचित दोन बोटं जागा राहिली असती. हे आता कधी कळणार नाही. तो गाडीत असता तर त्याला भीती वाटली असती, पण ती गाडीइतकी असती, सीटइतकी, एका माणसाच्या मापाची. ही भीती माळरानाएवढी होती. ती टेकाडामागे जात होती आणि परत येत होती. जाई समोरून गेली तेव्हा त्याला काचेमागे फक्त गोल पांढरं हेल्मेट दिसलं, वर काही नाही, नुसतं आभाळ. आणि त्याला वाटलं, हे इतकं लहान आहे, एवढंसं, हे मी कसं जाऊ दिलं. चौथ्या की पाचव्या वेळी ती टेकाडामागे गेली आणि आवाज दबला, आणि मग उजवीकडून एक पांढरी गाडी आली. मग एक काळी. निळी आली नाही. भिंतीवरच्या मार्शलने वायरलेस कानाला लावला आणि लाल झेंडा बाहेर काढला.

सगळ्या गाड्या हळूहळू आत येऊन शेडसमोर थांबत गेल्या. इंजिनं बंद झाली आणि माळावर एकदम पक्ष्यांचा आवाज ऐकू आला. धनेश भिंतीवरून पलीकडे उडी मारायला गेला, तेव्हा दोघांनी त्याला धरलं. "सर, ट्रॅकवर नाही जाता येत. खडीत गेलीय फक्त. खडी त्यासाठीच असते, गाडी थांबायला." "उलटली?" "नाही, नाही म्हणतायत. उभी आहे." "बोलली का?" मार्शलने वायरलेसमध्ये काहीतरी विचारलं, खरखर झाली, उत्तर कळलं नाही. शेडच्या टोकाला गेलं तर टेकाडाच्या कडेने ते वळण अर्धंमुर्धं दिसत होतं. धनेश तिथे धावला. दूर, धूळ बसत आलेल्या खडीच्या पट्ट्यात निळी गाडी उलट्या दिशेला तोंड करून उभी होती. आत पांढरं हेल्मेट दिसत होतं. सरळ होतं. हलत नव्हतं. नारिंगी कपड्यांतली दोन माणसं गाडीकडे वाकली होती. धनेशने दोन्ही हात डोक्यावर नेऊन हलवले, जसे होडीवरून धक्क्यावरच्या माणसाला हलवतात. "जाई," तो ओरडला, "हात वर कर." आवाज तिथवर पोचण्यासारखा नव्हताच. हात वर आला नाही. तो हलवत राहिला. हात वर आला नाही. हात बांधलेले आहेत हे त्याला माहीत होतं, एक तर त्यानेच आवळला होता, आणि तरी ते माहीत असणं त्याच्या काही कामाला येईना. त्याच्या पोटातून, गुडघ्यांतून, जिभेतून एकच गोष्ट सांगितली जात होती, की जिवंत माणूस बापाला बघून हात करतो. एक जीप आली. दोर लावला. निळी गाडी खडीतून गचके खात बाहेर निघाली, रस्त्याला लागली, जीपमागून ओढली जाऊ लागली. हेल्मेट गचक्यांबरोबर डावीउजवीकडे होत होतं, गाडीतल्या कुठल्याही वस्तूसारखं. धनेश खाली बसला. आणि बसल्यामुळे त्याची नजर गाडीच्या चाकांच्या उंचीवर आली. वळण आलं. जीप वळली. दोर तिरका झाला, आणि दोर ओढायच्या आधी, जरासं आधी, निळ्या गाडीची पुढची चाकं वळली. धर्मा कोळ्याच्या पोराला ओढलेली होडी माहीत होती. मागे सुकाणूवर कोणी नसेल तर ती कशी भरकटत, आडवी होत येते, आणि कोणी असेल तर कशी येते. ही गाडी दोराच्या मागे शहाण्यासारखी येत होती. कोणीतरी तिला वळवत होतं. पुढच्या वळणालाही चाकं वळली. धनेशने जमिनीला हात टेकले आणि त्याला रडू आलं, ते पोटातून, आवाज न करता, उलटीसारखं.

गाडी शेडसमोर आली तेव्हा तो उभा होता. डॉक्टरने आधी जाईला हलू दिलं नाही, मान चाचपली, बोटं मोजायला लावली, डोळ्यांत बॅटरी मारली. मग म्हणाला, "काही नाही, ठीक आहे." गीतांजलीबाईंनी गाडीखाली वाकून बघितलं, चाकांतली खडी काढायला सांगितली आणि म्हणाल्या, "आत लवकर वळलीस. नाक आत, शेपूट बाहेर. होतं. गाडीला काही झालेलं नाही. दुपारी जायचं असेल तर पुन्हा तपासून घ्या." आणि त्या दुसऱ्या गाडीकडे गेल्या. बाकीची माणसंही पांगली. जाईने बक्कल उघडलं नव्हतं. ती तशीच बसून होती, हात मांडीवर.

"पप्पा," ती म्हणाली, "तू तिथे टोकाला उभा होतास ना? हात करत होतास. मला दिसलं. मला करता येईना."

"माहीत आहे."

"मी ओरडले पण. हेल्मेटमध्ये काय ऐकू जाणार."

त्याने हेल्मेटचा पट्टा सोडवायला हात घातला, त्याला ते जमेना. तिने बक्कल उघडलं, हात मोकळे केले आणि हेल्मेट स्वतःच काढलं. तिचा चेहरा भिजलेला होता, ओठांवर धूळ होती. ती समोरच्या काचेकडे वळली. मग म्हणाली, "तू मान ताणलीस."

धनेशने तिच्या हातातलं हेल्मेट घेतलं.

"काठी ठेवली तेव्हा. मी बाजूलाच होते. तू इतका ताठ कधीच बसत नाहीस."

"मग बोलली का नाहीस?"

"तू पण नाही बोललास. इतके दिवस. बोगद्यात मान खाली घालत होतास. कारखान्यात हेल्मेट काय, छप्पर लावून आजीकडे जाणं काय. मला वाटलं सांगशील. आज सकाळपर्यंत वाटत होतं." तिने ओठांवरची धूळ पुसली. "आणि मग मला गाडी मिळाली म्हणून मी गप्प बसले."

चहाच्या टेबलाजवळ कोणीतरी हसलं. धनेश गाडीच्या दाराशी उकिडवा बसला, म्हणजे त्याचं तोंड तिच्या तोंडाच्या उंचीला आलं. त्याला सळ्यांबद्दल सांगायचं होतं, फडक्याबद्दल, पण तोंडातून निघालं ते असं: "हितेशकाकाची बोटं गेली तेव्हा मी तिथे होतो. होडीत." तिला बोटं माहीत होती, कशी गेली ते माहीत नव्हतं, या घरात कोणी सांगितलंच नव्हतं. त्याने सांगितलं. मग सळ्यांचं सांगितलं. फार लांबवलं नाही. ती ऐकत राहिली, एका हाताने दुसऱ्या मनगटावरचा वळ चोळत. "मला भीती वाटते, जाई," तो शेवटी म्हणाला. "माझी नाही वाटत असं नाही. माझी पण वाटते. पण तुझी जास्त." हे वाक्य त्याच्या घरात आजपर्यंत कुणी कुणाला म्हटलं नव्हतं, आणि म्हटल्यावर काही कोसळलं नाही, भीती तेवढीच राहिली, फक्त तिला आता दोघं बघत होते.

दुपारी वडापाव खाऊन झाल्यावर ती म्हणाली, "मला जायचंय पुन्हा. आता नाही गेले तर मग कधीच नाही जाणार, ते मला कळतंय. माझे पण पाय थरथरतायत हां, बघ." त्याने बघितलं. थरथरत होते. नको म्हणायला त्याचं तोंड उघडलं होतं, शब्द दातांपर्यंत आला होता. त्याने विचारलं, "आत लवकर वळलीस म्हणजे काय?" तिने जमिनीवर काडीने वळण काढलं आणि दाखवलं, कुठे वळली, कुठे वळायला हवं होतं, ॲक्सिलरेटरवरचा पाय कुठे उचलला. त्याने दोनदा विचारलं. तिने दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा सांगताना स्वतःशीच मान डोलावली. गाडी पुन्हा तपासली गेली. ती बसली. खांद्यांचे पट्टे त्याने आवळले, एक, दुसरा, मग हातांचे, डाव्याचं टोक आत खोचलं, आणि तिने पट्ट्यातून त्याच्या बोटांची थरथर ओळखली.

"पप्पा."

"हां. थरथरतायत. आवळलंय पण नीट."

त्याने तिच्या हेल्मेटची काच खाली पाडायला हात नेला, तेव्हा ती म्हणाली, "बरं." मग त्याने काच पाडली.

तो भिंतीशी जाऊन उभा राहिला. मार्शलने हिरवा झेंडा हलवला. निळी गाडी सुटली, पहिल्या वळणाला गेली, तिथे तिने पाय उचलला, ते इथूनही ऐकू आलं. तिच्या आधी सुटलेल्या गाड्या पुढे निघून गेल्या. पहिली फेरी ती सावकाश गेली, नियमापेक्षा सावकाश. टेकाडामागे गेल्यावरही तिचा आवाज पुरता दबला नाही, बारीक, एकसारखा येत राहिला. ती कोणासाठी सावकाश गेली ते त्याने नंतरही कधी विचारलं नाही. दुसऱ्या फेरीला आवाज वाढला.  धनेशने भिंतीची कड घट्ट धरली आणि उजव्या बाजूला, जिथून गाडी यायची तिकडे, बघत राहिला.